पालखी गेली की मैदान : आपल्या शाळेच्या क्रीडा-हंगामाचा इतिहास आणि एक दुरुस्ती

स्मरणिका समितीनं शाळेच्या क्रीडा-इतिहासावर लिहायचं काम माझ्याकडे दिलं, त्याचं कारण मला ठाऊक आहे. ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात जो काळा लाकडी फळा आहे, पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेल्या नावांचा, त्यावर माझं नाव आहे. ‘१९८४-८५, मुली, ८०० मीटर, विभागीय स्पर्धेसाठी निवड.’ आपल्या बॅचच्या मुलींपैकी त्या फळ्यावर एवढं एकच नाव. त्या ओळीबद्दल मला काही सांगायचं आहे, पण आधी समितीनं सांगितलेलं काम करते.

गेल्या एप्रिलमध्ये आपल्या ग्रुपवर अमेरिकेतल्या मित्रानं नातवाचे फोटो टाकले होते. तिकडे शाळांत वसंताचा हंगाम असतो म्हणे. मार्चमध्ये थंडी सरली की मुलं बेसबॉल घेऊन मैदानात, शेजारच्या ट्रॅकवर शर्यती, आणि मे संपेपर्यंत रोज सामने. खाली कुणीतरी लिहिलं, ‘आपल्याकडे वसंत म्हणजे वार्षिक परीक्षा.’ हसलो सगळे, पण ते खरंच होतं. फाल्गुन-चैत्रात फलटणमध्ये मैदानाची माती इतकी तापते की अकरानंतर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि तेव्हा आपण ‘संभाव्य प्रश्न’ पाठ करत असायचो. आपला हंगाम पावसाबरोबर यायचा.

आणि तो कधी सुरू होतो याची तारीख कॅलेंडरवर शोधावी लागत नसे. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला मुक्कामाला यायची, दुसऱ्या दिवशी बरडकडे निघायची. ती गेली की गाव दोन दिवस रिकामं रिकामं वाटायचं. मग सर ऑफिसातून फक्कीचं पोतं बाहेर काढायचे. पालखी पुढं गेली आणि सरांची शिट्टी वाजली, असं एकाच दमात म्हणायची आपल्याला सवय होती. चांदोबाच्या लिंबाला घोड्याचं रिंगण बघून आलेली पोरं पुढचे आठ दिवस मैदानावर घोड्यासारखीच पळायची, आणि सर म्हणायचे, ‘मान वर करून पळू नका रे, अश्वाला शोभतं ते.’

ऑगस्ट-सप्टेंबरला तालुका, त्यानंतर जिल्हा, मग विभाग, मग राज्य. हा जिना आजही तसाच आहे, फक्त वयोगटांचे आकडे बदलले. दिवाळीनंतर हंगाम मावळायचा. स्नेहसंमेलनाच्या आधी शाळेतल्या शाळेत वर्गवार शर्यती व्हायच्या, त्यात लिंबू-चमचा आणि पोत्यातली शर्यतही असायची. त्यांचा इतिहास लिहायची गरज नाही, त्यांचे फोटो सगळ्यांच्या घरी आहेत.

सरांच्या घरच्यांनी त्यांच्या नोंदवह्या समितीला दिल्या, त्या मी उन्हाळ्यात वाचून काढल्या. सरांच्या आधीच्या सरांच्या दोन वह्याही त्यांत निघाल्या. सर्वांत जुन्या वहीवर शाळेच्या नावाखाली ‘जि. उत्तर सातारा’ असं लिहिलेलं आहे. आपल्या मुलांना हे सांगितलं तर पटत नाही. फलटण संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर आपण ज्या जिल्ह्यात आलो त्याचं नाव उत्तर सातारा होतं, आणि आजचा सांगली जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा. १९६० साली ही नावं बदलली. त्याच वहीत शर्यती यार्डांत आहेत, १०० यार्ड, ४४० यार्ड, ८८० यार्ड. पुढच्या वहीत त्याच जागी मीटर येतात. ८८० यार्ड म्हणजे ८०० मीटरपेक्षा साधारण पावणेपाच मीटर जास्त. म्हणजे आधीच्या मुलांना चार-पाच पावलं जास्त पळावं लागलं, आणि त्यांच्या नि आपल्या वेळा शेजारी शेजारी ठेवून कोण भारी म्हणायची सोय नाही. आमच्यात यावरून भांडणं होतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

दोन्ही वह्यांत सगळ्यांत जास्त पानं खो-खोची आहेत, आणि ते साहजिक आहे. खो-खोला काय लागतं? दोन खांब, साधारण सव्वा मीटर उंचीचे, थोडी फक्की, आणि बारा जण. ज्या शाळेकडे बॅट नव्हती तिच्याकडे खो-खो होता. हा खेळ गल्लीतून नियमांच्या चौकटीत आला तो पुण्यात. डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये त्याचे नियम बसवायला घेतले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं १९३५ साली नियम छापले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं तिथं करून दाखवली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० ला विजयवाड्यात झाली. त्या वर्षी ती फक्त पुरुषांची होती. बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुढच्याच वर्षी झाली, ती आपल्या कोल्हापुरात. १९७१ साली अचला देवरे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला.

हे मी का सांगतेय? कोल्हापुरात बायका राष्ट्रीय स्पर्धा खेळल्या त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षं आमच्या वहीत मुलींचं एकही पान नाही. मुली खेळत नव्हत्या असं नाही. मोठ्या सुट्टीत पाठीमागच्या पटांगणात लंगडी आणि खो-खो चालायचा, हे आपल्या आया-मावश्यांनीच सांगितलंय. पण वहीत येतं ते बाहेरगावी खेळायला गेलेलं. बाहेरगावी जायला एस.टी.चं भाडं लागतं, सोबत बाई लागतात, आणि वडिलांची सही लागते. पहिल्या दोन गोष्टी सरांनी कशाबशा जमवल्या. तिसरी प्रत्येक मुलीगणिक नव्यानं मिळवावी लागायची.

मुलींचा पहिला संघ वहीत आहे त्या पानावर बारा नावं लिहिलेली आहेत आणि त्यांतली पाच खोडलेली आहेत. पाचांपुढं एकच शेरा : ‘घरून नाही.’ सात मुलींनी खो-खोचा संघ होत नाही. आठ जणी तर नुसत्या बसायला लागतात आणि नववी पळायला. सर त्या वर्षी संघ न घेताच परतले असणार.

आमच्या वेळेपर्यंत बरंच बरं झालं होतं. आम्ही बारा जणी होतो आणि बाराही जणी जायचो. सर आमच्याकडून साखळी घोटून घ्यायचे, एकेरी, दुहेरी, मग तीन-तीन. तिघींची तुकडी आत गेली की बाहेरून सरांचा आवाज, ‘आगं, उठणारीच्या पाठीकडं बघ, तोंडाकडं काय बघतीयास!’ खांबावर झेप घ्यायला मात्र ते मुलींना शिकवत नसत. कोपर फुटलं तर घरी काय सांगायचं, हा हिशेब असावा. आम्ही ते मुलांचं बघून बघून शिकलो आणि तालुक्याला केलं. सर काही बोलले नाहीत. परतीच्या एस.टी.त त्यांनी सगळ्यांना भेळ घेतली.

रिलेचा सराव आम्ही बॅटननं कधी केला नाही. शाळेत एकच बॅटन होतं आणि ते कपाटात. आम्ही उसाचं कांडकं वापरायचो. तीन फेऱ्यांनंतर ते चौथीला मिळायचं आणि तिच्याकडून परत यायचं नाही.

आता १९८४ कडे येते. आपण नववीत होतो. ८ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळ्यांतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. पेपर शाळेत आला तेव्हा सरांनी तो मैदानावर आणला आणि आम्हा मुलींना गोल बसवून वाचून दाखवला. मग खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. त्या घड्याळावर सेकंदाचा दहावा भाग दिसायचा, शंभरावा नाही. ‘हिच्यात मावत पण न्हाई एवढ्यानं गेलं,’ असं म्हणाले आणि बराच वेळ घड्याळाकडेच बघत बसले. त्याच ऑलिम्पिकमध्ये उषा, शायनी अब्राहम, वंदना राव आणि एम. डी. वल्सम्मा या चौघी ४ × ४०० रिलेच्या अंतिम फेरीत पळाल्या आणि सातव्या आल्या. आमच्यासाठी ही बातमी जास्त मोठी होती. चौघी. म्हणजे ती एकट्या उषाची गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मैदानावर नेहमीपेक्षा दुप्पट मुली होत्या. त्यांत माझ्या बाकावरची मैत्रीणही होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ती आठवत असेल. नीरा उजव्या कालव्याच्या कडेनं चालत शाळेत यायची, दोन्ही वेळा, आणि उशीर झाला तर पळत. तिला पळायला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी सरांनी तिला ८०० मीटरसाठी उभं केलं. आपल्या मैदानावर दोनशेचा गोल बसायचा, त्याच्या चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीला आम्ही सगळ्या तोंड उघडून श्वास घेत होतो आणि ती पुढं बघून पळत होती, जशी कालव्यावरून यायची तशी. वहीत वेळ लिहिलीय : २ मिनिटं ४१. पुढं कंसात ‘अनवाणी’.

तालुक्याला ती पहिली, मी दुसरी. जिल्ह्याला आम्ही दोघी गेलो, आदर्कीचा घाट चढून साताऱ्याला, पहाटेच्या गाडीनं. तिथं ती पहिली आली, २ मिनिटं ३८. मी तिसरी. पहिल्या दोघींची निवड विभागाला व्हायची. विभागाला दोन मुक्काम होते, म्हणून घरच्यांच्या संमतीचा छापील कागद होता. कागद आला तेव्हा मैत्रीण चार दिवस शाळेत नव्हती, बाजरीची काढणी चालली होती. सरांनी तो कागद माझ्याकडे दिला. तिच्या गावची मुलं आमच्याच वर्गात होती, त्यांच्याकडे द्यायचा, नाहीतर रविवारी स्वतः जाऊन यायचं, असं सांगितलं.

मी तो कागद भूगोलाच्या पुस्तकात ठेवला. मुलांकडे दिला नाही. रविवारी गेले नाही. सोमवारी सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘सर, तिच्या घरचे नको म्हणतात.’

सरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. एवढ्या वर्षांत मला सगळ्यांत जास्त टोचत आलं ते हे. माझी थाप इतकी सहज खपली कारण ती खोटी वाटण्यासारखी नव्हतीच. सरांच्या वहीत तो शेरा आधीच किती वेळा लिहिलेला होता. त्यांनी आणखी एकदा लिहिला. ते पान मी या उन्हाळ्यात पाहिलं. तिचं नाव खोडलंय, पुढं ‘घरून नाही’, आणि खाली माझं नाव, ‘बदली’. शेरा सरांच्या अक्षरात आहे, पण शब्द माझे आहेत.

विभागाला मी सातव्या नंबरावर आले, आठ जणींत. पण निवड ती निवड, आणि फळ्यावर निवडी लिहितात. जिल्ह्यातला पहिला नंबर लिहायची पद्धत तेव्हा नव्हती. ती काढणी संपवून शाळेत आली तेव्हा मी जाऊन आले होते. कशी होती जागा, जेवायला काय होतं, एवढंच तिनं विचारलं. दहावीला ती आपल्याबरोबर नव्हती. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

इथं लेख संपवला असता तर तो आपल्या बॅचपुरता राहिला असता, म्हणून आपल्यानंतरचंही थोडं लिहिते. आपण शाळा सोडली त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो, पण आपल्या तालुक्याच्या गावांतून पुढं काय काय निघालं! सरडे गावचा प्रवीण जाधव आधी धावण्याच्या शर्यतींतला मुलगा, मग त्याच्या हातात धनुष्य आलं, आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला त्यानं जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या रशियन तिरंदाजाला ६-० नं हरवलं. त्याचे आईवडील मजुरी करायचे. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय मुलगी एकटीच्या शर्यतीत दिसली ती उषानंतर बत्तीस वर्षांनी. ज्या दुष्काळी माणला आपण नावं ठेवायचो, त्या माणची. हॉकीचं तर विचारूच नका. आसूची वैष्णवी फाळके २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होती. अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या आपल्याच तालुक्याच्या दोघी जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला पाच जणींच्या हॉकीचा विश्वचषक खेळल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. आपल्या वेळी फलटणमध्ये हॉकी स्टिक पाहिलेली माणसं बोटांवर मोजता आली असती.

खो-खोही मागे राहिला नाही. २०२२ मध्ये दिवाळी झाल्यावर घडसोली मैदानावर कुमार-मुलींची राष्ट्रीय स्पर्धा भरली होती. मी तीन दिवस सुट्टी टाकून आले होते. मॅटवर खेळतात आता, बूट घालून. खांबावर झेप घेणाऱ्या मुली बघून मला माझं कोपर आठवलं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. अंतिम सामन्यात महिलांनी नेपाळला ७८-४० नं हरवलं. सर असते तर त्यांनी गुणांपेक्षा आधी बैठका बघितल्या असत्या.

वह्या वाचून झाल्यावर मी मैत्रिणीचा नंबर शोधला. मिळायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षं शोधला नव्हता एवढंच. तालुक्यातच आहे ती, घरची शेती, तीन नातवंडं. थोरली नात सातवीत आहे आणि सकाळी पळायला जाते. आजी सोबत जाते, सायकल घेऊन. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग सांगून टाकलं. कागद, भूगोलाचं पुस्तक, सोमवार, सगळं.

पलीकडं बराच वेळ काही ऐकू येईना. मागं कुठंतरी मोटार चालू होती. मग म्हणाली, ‘दादांनी सही केली असती का न्हाई, मला बी सांगता यायचं न्हाई. जिल्ह्याला जाताना बी लई कटकट केलती त्यांनी.’

मी काहीतरी म्हणायला लागले, तर तिनं थांबवलं.

‘पर इचारायला पायजे हुतंस गं तू. न्हाई म्हणायचं तर दादांनी म्हणलं असतं. तू का म्हणलीस?’

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, सरांच्या वहीत वेळ लिहिलीय का. मी सांगितली. दोन मिनिटं अडतीस. ‘अडतीस?’ तिला आठवत नव्हती; ती चाळीसच्या वर धरून चालली होती. फोन कानापासून लांब करून तिनं कुणाला तरी ओरडून सांगितलं, ‘आगं ए, अडतीस हाय बग माजी!’ नातीला सांगत असावी.

मेळाव्याला ये म्हटलं. बघते म्हणाली, ऊस तोडणीची टोळी कधी येईल त्यावर आहे.

समितीला माझी विनंती आहे, आणि ती या लेखातूनच करते म्हणजे सगळ्यांच्या समोर राहील. फळा पुन्हा रंगवायला काढणार आहात असं कळलं. १९८४-८५ ची माझी ओळ पुसावी. तिच्या जागी ‘मुली, ८०० मीटर, जिल्ह्यात प्रथम, २ मि. ३८ से.’ असं लिहून तिचं नाव घालावं, लग्नाआधीचं, हजेरीपटावर होतं तसं. इतर वर्षांच्या मुलींचेही जिल्ह्याचे नंबर वह्यांतून काढून मी यादी केली आहे, ती सोबत जोडली आहे. ज्यांच्याकडे जुनी प्रमाणपत्रं किंवा फोटो असतील त्यांनी मेळाव्याला घेऊन यावेत, वह्यांशी ताडून बघता येतील. ‘घरून नाही’ शेऱ्याची नावं मी वेगळी लिहून काढली आहेत. त्यांचं काय करायचं ते आपण मिळून ठरवू.

तिचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. तिनंच नको म्हटलं. पुस्तक कपाटात जातं, म्हणाली. फळ्यावर घाला, तो पोरं जाता-येता वाचतात.